आकाश निळं केलं की माड काळे पडतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत हर्णैपासून मालवणपर्यंत फिरलात, सहाशेच्या आसपास फोटो काढले, काही कॅमेऱ्यावर, काही फोनवर. आता एडिट करायला बसलात तर आकाश निळं करायला गेल्यावर माड काळे पडतायत, जांभा दगड जिलबीसारखा नारिंगी दिसतोय, आणि वैतागून विचारताय की एखादा प्रीसेटचा संच विकत घेऊ का.

घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. प्रीसेट म्हणजे दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या उजेडात काढलेल्या फोटोसाठी लावलेले आकडे. ते तुमच्या हर्णैच्या सकाळीवर आणि मालवणच्या संध्याकाळीवर सारखेच लावलेत तर दोन्ही बिघडतील, आणि का बिघडले तेही कळणार नाही.

सहाशे फोटोही एडिट करू नका. वीस निवडा. एकाच लाटेचे नऊ फोटो असतात, त्यातला एक ठेवा. निवडताना मी प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारतो: मी इथे गाडी का थांबवली होती? उत्तर एका वाक्यात आलं तर फोटो ठेवायचा. 'ढगातून उजेडाचा एकच पट्टा पाण्यावर पडला होता' हे उत्तर झालं. 'छान दिसत होतं' हे नाही. पुढचं सगळं एडिटिंग त्या एका वाक्यासाठी करायचं असतं. ते वाक्य नसेल तर माणूस सगळे स्लायडर सगळीकडे ओढत बसतो, आणि त्यातूनच तुमची ती जिलबी निघते.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात देवबागचा एक सूर्यास्त मी जांभळा, गुलाबी, नारिंगी असा भरगच्च करून बारा बाय अठराच्या आकारात छापून घेतला आणि कौतुकाने मामीला नेऊन दिला. मामीचा जन्म त्याच किनाऱ्यावर गेलेला. तिने चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्यो दर्यो खंयचो रे?" तो फोटो अजून आमच्या माळ्यावर आहे, भिंतीकडे तोंड करून.

आता माडांबद्दल. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य सह्याद्रीकडून, म्हणजे समुद्राकडे बघणाऱ्याच्या पाठीमागून येतो. समोरचं पाणी, होड्या, माड सगळं उजळलेलं असतं आणि आकाश मुळातच निळं येतं. संध्याकाळी सूर्य समोर असतो. आकाश झगझगीत, आणि माडाची तुमच्याकडची बाजू सावलीत. हा फरक डोळा सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. त्यामुळे सकाळच्या फोटोला फारसं काही लागत नाही, खरी मेहनत संध्याकाळच्या फोटोवर असते. तुमचे बिघडलेले फोटो उघडून वेळ बघा, बहुतेक सगळे पाचनंतरचे निघतील.

त्यात तुम्ही डीहेझ (धुकट काढणारा स्लायडर) साठपर्यंत नेलाय असं लिहिलंय. डीहेझ नुसतं धुकट काढत नाही, तो सगळ्या फोटोचा कॉन्ट्रास्ट आणि रंगही वाढवतो. आधीच सावलीत असलेले माड मग काळे ठिक्कर होणारच. दुसरं असं की समुद्रावरच्या दमट हवेमुळे लांबच्या गोष्टी फिकट दिसतात, आणि त्या फिकटपणावरूनच डोळ्याला अंतर कळतं. हर्णैच्या बंदरातून सुवर्णदुर्ग जरासा धुरकट दिसतो म्हणून तो पाण्यात लांब उभा वाटतो. सगळं धुकट पुसून टाकलंत तर किल्ला कापून वाळूवर चिकटवल्यासारखा दिसेल. दहा-पंधराच्या पुढे मी सहसा जात नाही.

एक फोटो लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीपासून करून दाखवतो. आरे-वारेच्या वरच्या वळणावरून, संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास काढलेला. खाली किनाऱ्याची कमान, सुरूचं बन, उजवीकडे दोन माड फ्रेममध्ये घुसलेले, वर ढग. माझं वाक्य होतं: ओल्या वाळूत ढगांचा उजेड उतरलाय.

पहिलं काम क्षितिज. समुद्राचं क्षितिज एका अंशानेही कललं तरी पाणी एका बाजूने सांडतंय असं वाटतं, आणि ते एकदा दिसलं की दुसरं काही दिसत नाही. क्रॉपमध्ये जाऊन ते सरळ केलं. वाइड लेन्समुळे रेष वाकली असेल तर लेन्स करेक्शन आधी चालू करायचं.

दुसरं काम उजेड. रंगाला अजून हात नाही. एक्सपोजर (सगळ्या फोटोचा उजेड) तसंच ठेवलं, हायलाइट्स (उजळ भाग) उणे ६०, शॅडोज (सावलीचे भाग) अधिक ३०. एवढ्याने ढगांना आकार आला आणि सुरूच्या खोडांमध्ये फट दिसायला लागली. शॅडोज शंभरला नेऊ नका. संध्याकाळची सावली सावलीच दिसली पाहिजे, नाहीतर दुपार आणि संध्याकाळ एकाच वेळी झाल्यासारखं दिसतं. मग ब्लॅक्स (सगळ्यात काळे भाग) थोडे खाली, हिस्टोग्रामचं, म्हणजे उजेडाच्या आलेखाचं, डावं टोक भिंतीला जेमतेम टेकेल इतके.

तिसरं काम आकाश, आणि तेवढंच. इथे बहुतेकजण वरून खाली लिनियर ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू विरत जाणारा पट्टा, ओढतात. पण आपल्याकडे क्षितिज मोकळं कुठे असतं? माड आकाशात घुसलेले असतात, ग्रेडियंट त्यांनाही काळं करून जातो. त्यामुळे आकाश निवडणारा मास्क वापरायचा, किंवा ग्रेडियंटमधून गडद भाग वजा करायचे. मी आकाशाचं एक्सपोजर उणे ०.४० केलं, बस. नंतर फोटो शंभर टक्के मोठा करून माडाचा शेंडा बघायचा. झावळ्यांच्या फटींत आकाश वेगळ्या रंगाचं राहिलंय का, शेंड्याभोवती पांढरी कड आलीय का. ती कड म्हणजे जास्त झालं. फोनचे एचडीआर (अनेक एक्सपोजर जोडून केलेले) फोटो मुळातच ही कड घेऊन येतात, त्यांच्यावर क्लॅरिटी (कडांचा उठाव) वाढवाल तर ती आणखी उठून दिसेल.

मग माझं वाक्य. ओल्या वाळूच्या पट्ट्यावर ब्रशने एक्सपोजर अधिक ०.३५. पूर्वी डार्करूममध्ये कागदावर पडणारा उजेड हाताने अडवून किंवा जास्त देऊन हेच करत, डॉजिंग आणि बर्निंग म्हणून. सगळ्यात शेवटी रंग: व्हायब्रन्स अधिक १२, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) शून्य, दोन्हींतला फरक पुढे सांगतो. व्हाइट बॅलन्स (फोटोचा पिवळे-निळेपणा) ऑटोवर होता आणि कॅमेऱ्याने संध्याकाळचा पिवळेपणा धुऊन टाकला होता, म्हणून व्हाइट बॅलन्स ५५०० केल्व्हिनच्या जवळ आणून ठेवला. हे केल्व्हिनचे आकडे रॉ फाइलला (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) मिळतात, जेपेगला (कॅमेऱ्याने तयार करून दाबलेला फोटो) लाइटरूम नुसते उणे-अधिक आकडे दाखवतो.

रॉ आणि जेपेगचं एवढंच सांगतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. संध्याकाळचं आकाश म्हणजे अगदी हळूहळू बदलणारा रंग. जेपेगमध्ये तो ताणलात की पट्टे पडतात. पण रॉ म्हणजे जादू नाही. आकाश पूर्ण पांढरं गेलं असेल तर तिथे माहितीच नसते, हायलाइट्स ओढून करडा डाग मिळतो. सूर्यास्तात लाल चॅनल (फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी लाल) सगळ्यात आधी भरतो, म्हणून सूर्याभोवती केशरीच्या जागी एकदम पिवळं वर्तुळ येतं. तो भाग सॅच्युरेशन वाढवून कधीच सुधारत नाही, उलट कमी करावं लागतं. पुढच्या वेळी काढतानाच एक्सपोजर थोडं कमी ठेवा.

जांभ्याकडे येऊ. जांभा लाल दिसतो तो त्यातल्या लोहामुळे, आणि तो रंग मुळातच गडद आहे. सॅच्युरेशन सगळ्या रंगांना सारखं पुढे ढकलतं, त्यामुळे जो आधीच पुढे आहे तो हद्द ओलांडतो. व्हायब्रन्स फिक्या रंगांना जास्त आणि गडद रंगांना कमी वाढवतं, म्हणून तेच वापरा. तरी जिलबी होत असेल तर नारिंगी रंगाचं सॅच्युरेशन दहा-पंधराने कमी करा. माणसांची कातडीही त्याच नारिंगीत येते, तेव्हा फोटोत माणसं असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवा. आणि सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचा, उघडा कातळ काही लाल नसतोच. ऊन-पाऊस खाऊन तो काळपट तपकिरी झालेला असतो. ताज्या कापलेल्या चिऱ्याचा (जांभ्याच्या घडीव दगडाचा) रंग त्याला देऊ नका, ज्याने सडा बघितलाय तो लगेच ओळखेल.

हिरव्यासाठी हिरवा स्लायडर हलवून काही होत नाही अशी तक्रार असते. गवत, भात, माड यांचा बराच रंग पिवळ्या स्लायडरमध्ये बसतो, तो हलवा. दिवाळीनंतर सड्यावरचं गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं, त्याला परत श्रावणात नेऊ नका.

रत्नागिरीतला एक प्रयोग सांगतो, तो कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवतो. तिथे मांडवीला काळा समुद्र म्हणतात आणि मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र, नावं वाळूच्या रंगावरून. दोन्हीकडे फ्रेम वाळूने भरून ऑटोवर एकेक फोटो काढा. दोन्ही वाळू जवळजवळ सारख्याच करड्या येतील. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल ते मध्यम करडं धरून चालतो. काळी वाळू तो उजळतो, पांढरी मळकट करतो. मग घरी बसून काळीला काळी आणि पांढरीला पांढरी करा, फक्त एक्सपोजर, व्हाइट्स आणि ब्लॅक्स वापरून. हे दोन फोटो जमले की निम्मं एडिटिंग आलं असं मी समजतो.

काही गोष्टी एडिटिंगमध्ये होत नाहीत, त्यावर रात्री घालवू नका. तुम्ही कशेळीच्या कातळावरचा हत्ती भर दुपारी काढलाय आणि रेषा दिसत नाहीत म्हणताय. कातळशिल्पांची खोदाई उथळ असते, ती दिसते सावलीमुळे. डोक्यावर ऊन असताना सावलीच पडत नाही, तर क्लॅरिटी कशाला उठाव देणार? तिथे सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात परत जावं लागेल.

फोनवर एडिट करत असाल तर ब्राइटनेस मधोमध ठेवा आणि रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करा. तो चालू ठेवून तुम्ही फोटो निळा करत बसता आणि सकाळी हर्णैचं हिमाचल झालेलं असतं. सॉफ्टवेअरची काळजी करू नका. फोनवर स्नॅपसीड फुकट आहे, कॉम्प्युटरवर डार्कटेबल फुकट आहे, जरा किचकट आहे इतकंच. फोनवरच्या लाइटरूमच्या मोफत आवृत्तीत काही सोयी बंद असतात, पण वर दुसऱ्या कामापर्यंत सांगितलेलं बहुतेक त्यात होतं.

आणि तुमच्या चार-पाच फोटोंत आकाशात जे करडे ठिपके आहेत ते पक्षी नाहीत, लेन्सवरचं वाळलेलं खारं पाणी आहे. हीलिंगने (डाग पुसणाऱ्या साधनाने) काढा. लेन्स मात्र कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. आधी ओलसर कापडाने टिपून घ्या.

वीस निवडून झाले की त्यातला एक पाठवा, संध्याकाळचा, मूळ आणि एडिट केलेला दोन्ही, सोबत तुमचं ते एक वाक्य. व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर ते दाबून लहान करतं आणि मला तुमची चूक दिसायची ती त्याचीच दिसेल.