लेक शिकागो बघतेय, तुम्ही तिचा ठिपका बघताय

नमस्कार.

तुमच्या लांबलचक पत्रात मार्कांविषयी जेमतेम चार ओळी आहेत. बाकी सगळं पत्र फोनच्या नकाशावर हलणाऱ्या तुमच्या मुलीच्या ठिपक्याबद्दल आहे. ठिपका नदीकाठी तासभर थांबला, ठिपका दक्षिणेकडे गेला, ठिपका रविवारी लायब्ररीत नव्हता. मला काळजी वाटली ती या ठिपक्याची.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पत्र जर्मनीतल्या आखेनहून आलंय. गृहस्थ मूळचे पुण्याचे, इंजिनिअर, अठरा वर्षं तिथे स्थायिक. मुलगी पुण्यात जन्मली, तीन वर्षांची असताना जर्मनीला गेली आणि तिथेच वाढली. सध्या सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि ऑगस्टपासून एका सत्रासाठी शिकागोला एक्स्चेंजवर गेली आहे. विद्यापीठांचा आपसात करार असल्यामुळे तिथली फी नाही, राहण्या-खाण्याचा खर्च आईवडिलांचा. वडिलांच्या तक्रारी अशा: शनिवार-रविवार ती शहरभर भटकते, एका विषयात ३.३ मिळाले, इंटर्नशिप शोधत नाही, आणि हल्ली फोन उचलत नाही. त्यांना विचारायचंय की तिला अभ्यासाला कसं जुंपावं, आणि सिव्हिल सोडून डेटा सायन्सकडे वळवून या सत्राच्या जोरावर तिला अमेरिकेत कसं पक्कं करावं. सोबत पुरावा म्हणून तिने घरच्या ग्रुपवर टाकलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट जोडलेत.

स्पष्टच बोलते. पुरावा तुमच्यावर उलटलाय.

एका शनिवारचा मेसेज आहे. शिकागोत शरद ऋतूत मिशिगन तळ्यातल्या शिडाच्या होड्या थंडीसाठी नदीतून वर, गोदीकडे परत जातात. त्यांच्या डोलकाठ्या उंच असतात, म्हणून शहराच्या ऐन मध्यावरचे पूल एकामागून एक उचलले जातात आणि तेवढा वेळ रस्ता थांबतो. तुमची मुलगी लिहिते, "बाबा, अख्खा रस्ता दिव्याच्या खांबांसकट आकाशात उभा राहिलाय! आणि मोटर केवढीशी असेल माहितीये? सगळं वजन मागच्या काउंटरवेटने तोललंय, तो भाग खाली खड्ड्यात उतरतो. बसमधले लोक वैतागलेत, मी एकटीच खूश." त्याखाली तुमचं उत्तर: "जेवलीस का? मिडटर्म कधी आहे?"

दुसरा मेसेज त्या दक्षिणेच्या ठिपक्याचा. शिकागोत साडेसात वाजले होते, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे अडीच. तुम्ही जागे राहून नकाशा बघत होतात आणि ठिपका हलेना म्हणून तिच्या रूममेटला फोन लावलात. ती कुठे होती? इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या आवारात, क्राउन हॉलसमोर. ही इमारत १९५६ची. छत वरच्या चार प्रचंड पोलादी गर्डरांना टांगलेलं, त्यामुळे आतल्या भल्यामोठ्या दालनात एकही खांब नाही. ती बांधणारे वास्तुविशारद मीस व्हान डेर रोह १८८६ साली आखेनमध्ये जन्मले. बाउहाउस या जर्मनीतल्या नामांकित कला-वास्तुकला शाळेचे ते शेवटचे संचालक. नाझींच्या काळात, १९३३ मध्ये, शाळा बंद पडली. पुढे १९३८ साली, पन्नाशी उलटल्यावर, ते शिकागोला आले आणि तिथल्या आर्किटेक्चर विभागाचे प्रमुख झाले. तुमच्या मुलीने लिहिलं होतं, "आपल्या गावचा माणूस, बाबा! आखेनमध्ये इतकी वर्षं राहून मला याचं नावच माहीत होतं, काम आज कळलं." तुम्ही त्यावर काहीच लिहिलं नाहीत. रूममेटला मात्र फोन केलात.

एकवीस वर्षांच्या मुलीच्या रूममेटला रात्री तिचा बाप फोन करतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात काय बोलणं होत असेल याची कल्पना करा. ती फोन का उचलत नाही, हे मला विचारायची गरज उरत नाही.

आता मी जिथे थांबले ती ओळ. पान तीनवर, मध्येच, तुम्ही लिहिता: "२००३ मध्ये माझी अमेरिका थोडक्यात हुकली, निदान तिची तरी हुकू नये." पुढे लगेच कॉलेजांची यादी सुरू होते, जणू ही ओळ लिहिलीच नव्हती. मला विचाराल तर संपूर्ण पत्र त्या ओळीतून निघालंय. डेटा सायन्स तिथूनच आलंय आणि न्यू जर्सीतल्या भाच्याच्या पगाराचा उल्लेखही. तुमच्या मुलीने तिच्या एकाही मेसेजमध्ये अमेरिकेत राहायचंय असं म्हटलेलं नाही. मी दोनदा शोधलं. ती एक सत्र तिथे शिकायला गेली आहे. तुम्ही मात्र बावीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा अर्ज तिच्या बॅगेत घालून पाठवलात आणि आता तो मंजूर का होत नाही म्हणून तिच्यावर चिडताय. हे तिला कळत नसेल असं समजू नका. घरात काय हुकलं होतं हे मुलांना कुणी न सांगताही माहीत असतं.

भीतीबद्दल बोलते, कारण ती सगळीच खोटी नाही. शिकागोत गोळीबार होतात, पण ते बहुतांशी दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या काही ठरावीक वस्त्यांत एकवटलेले आहेत, सगळ्या शहरात सारखे पसरलेले नाहीत. रात्री उशिरा लोकलच्या रिकाम्या डब्यात बसू नये, अंधार पडल्यावर अनोळखी भागात एकटीने रेंगाळू नये, विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाचा नंबर फोनमध्ये असावा, हे तिला एकदा सांगा. एकदाच. घरी पोचल्यावर "पोचले" एवढा मेसेज तिने करावा हे ठरवून घ्या. तेवढं तिनेही पाळायला हवं, आठवडाभर गप्प राहणं तिच्या वयालाही शोभत नाही. आणि नकाशा बंद करा. त्याने ती सुरक्षित होत नाही, तुमची झोप तेवढी जाते.

मार्कांचं म्हणाल तर ३.३ बघून तुम्ही दचकलात, कारण अठरा वर्षं जर्मन मोजपट्टीत राहिल्यावर हा आकडा "कसाबसा पास" असाच वाचला जातो. तिथे १.० उत्तम आणि ४.० काठावर. अमेरिकेत बरोबर उलट, ४.० म्हणजे पैकीच्या पैकी. ३.३ म्हणजे बी प्लस. परक्या शिक्षणपद्धतीत, स्टील स्ट्रक्चरसारख्या विषयात, पहिल्याच परीक्षेत बी प्लस. पेढे वाटायची गरज नाही, पण सुतकही नको. जाताना केलेल्या लर्निंग ॲग्रीमेंटप्रमाणे, म्हणजे तिथले कुठले विषय इथे धरायचे याच्या लेखी कराराप्रमाणे, क्रेडिट तिच्या मूळ विद्यापीठात धरले जातात की नाही, एवढं तिने बघावं.

खरा गैरसमज दुसराच आहे आणि तो मी अनेक घरांत पाहते. तुम्ही लिहिता, "तिचा पासपोर्ट जर्मन आहे, त्यामुळे ग्रीन कार्डाला भारतीयांसारखी रांग नाही." आहे. नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या ग्रीन कार्डात देशवार मर्यादा असते, आणि तुमचा देश कोणता हे पासपोर्टवरून नव्हे, जन्मस्थळावरून ठरतं. तुमची मुलगी पुण्यात जन्मली, म्हणजे उद्या तिने अर्ज केलाच तर ती भारताच्याच रांगेत उभी राहणार, वर्षानुवर्षं. आखेनमध्ये जन्मलेली तिची मैत्रीण जर्मनीच्या रांगेत, म्हणजे कितीतरी पुढे. त्याआधीचे टप्पेही तुम्ही समजता तसे नाहीत. एक्स्चेंजवाले साधारणपणे जे-१ व्हिसावर असतात. पदवीनंतर काम करायची जी ओपीटीची सवलत सगळ्यांना ठाऊक असते, ती तिथे पदवी घेणाऱ्या, एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, एका सत्राच्या पाहुणीसाठी नाही. जे-१ वर अभ्यासाशी संबंधित काम करता येतं, पण ते सुरू करण्याआधी परवानगी लेखी मिळावी लागते. म्हणून "ओळखीच्या एका गृहस्थांच्या ऑफिसात वीकएंडला बिनपगारी बसेल" ही तुमची कल्पना आजच्या आज डोक्यातून काढा. त्यात तिचा व्हिसा धोक्यात येतो, तुमचा नाही. नोकरीचा एच-१बी व्हिसा तर सोडतीवर आहे, वर्षाला ८५,००० जागा, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या उमेदवारासाठी कंपनीवर १,००,००० डॉलरचा बोजा टाकला गेला. तुमच्या मनातली अमेरिका २००३ची आहे.

पुढे कधी तिला स्वतःला तिथे मास्टर्स करावंसं वाटलं, तर टोफेल, लागलीच तर जीआरई, शिफारसपत्रं आणि डिसेंबर-जानेवारीच्या मुदती, हा रस्ता कुठे पळून जात नाही.

डेटा सायन्सचा सल्ला मला सर्वात कमी पटला. तुम्ही नॉर्थ राइन-वेस्टफेलियात राहता. तुमच्याच राज्यात रामेडे खोऱ्यावरचा ए-४५ महामार्गाचा पूल डिसेंबर २०२१ मध्ये वाहतुकीला बंद करावा लागला आणि मे २०२३ मध्ये सुरुंग लावून पाडला. मधल्या काळात लुडेनशाइड गावातून ट्रक जात राहिले आणि तिथले लोक हैराण झाले. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे ड्रेस्डेनच्या कॅरोला पुलाचा एक भाग एल्ब नदीत कोसळला. जर्मनीत साठ-सत्तरच्या दशकांत बांधलेले असे हजारो पूल दुरुस्तीची किंवा नव्याने बांधायची वाट बघताहेत. आणि तुमच्या घरात एक सिव्हिलची विद्यार्थिनी आहे जी सुट्टीच्या दिवशी, कुणी न सांगता, पुलाचं वजन कशाने तोललंय हे बघायला उभी राहते. तिला पायथॉनसारखं प्रोग्रामिंग शिकायचं तर जरूर शिकू दे, आजच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला ते लागतंच. पण भाच्याकडे बघून तिला तिच्या विषयातून उपटायचं, यात मला कुठलंच करिअर दिसत नाही.

तिसरा स्क्रीनशॉट राहिला. तो मी दोनदा वाचला. ती एका रविवारी लोकलच्या रेड लाइनने उत्तरेच्या हॉवर्डपासून दक्षिणेच्या ९५ व्या रस्त्यापर्यंत गेली. दिवसाउजेडी, मैत्रिणीबरोबर. लिहिते की डाउनटाउन मागे पडलं तसे डब्यातले गोरे चेहरे उतरत गेले, शेवटी जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय प्रवासी उरले, आणि शेवटच्या स्टेशनावर ते उतरून बसच्या रांगेत उभे राहिले. "शहर तर अजून पुढे आहे, मग ट्रेन इथेच का संपते?" तुमचं उत्तर: "तिकडे परत जाऊ नकोस." अहो, तिचा प्रश्न वाहतूक नियोजनातला पहिल्या दर्जाचा प्रश्न आहे! हीच लाइन पुढे १३० व्या रस्त्यापर्यंत, साडेपाच मैल वाढवावी, ही त्या भागाची मागणी कित्येक दशकांची आहे. कुठल्या वस्तीला रूळ मिळाले आणि कुणाला बसच्या रांगा, यावर लोक आयुष्यभर काम करतात. पास-नापास धर्तीवरचा "शहराचा इतिहास" हा विषय तिने घेतला म्हणून तुम्ही नाराज आहात. बहुधा त्याच वर्गामुळे तिला हा प्रश्न पडला.

तिच्यासाठी दोनच गोष्टी, हे पत्र तिला दाखवणार असाल तर. बघितलेलं नुसतं घरच्या ग्रुपवर टाकू नकोस, तिथे ते "जेवलीस का"च्या खाली गाडलं जातं. एक वही कर. उचलत्या पुलांचे स्केच, मापं, तुला पडलेले प्रश्न, सगळं त्यात लिही. बॅचलर थीसिसचा विषय त्यात सापडण्याची बरीच शक्यता आहे. आणि सत्र संपायच्या आधी स्टीलच्या प्राध्यापकांना त्यांच्या ऑफिसच्या वेळेत जाऊन भेट, मार्कांसाठी नव्हे, त्या पुलांबद्दल विचारायला. अमेरिकन प्राध्यापकांना असे विद्यार्थी आवडतात आणि पुढे शिफारसपत्र लागलं तर ते तुला नावाने ओळखत असतील.

आणि तुम्ही. तुम्हाला अमेरिका बघायची आहे, तिथे उभं राहून बघायची आहे, हे पत्राच्या पानोपानी दिसतंय. मग तुम्ही जा. २०१५ पासून तुमचाही पासपोर्ट जर्मन आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ९० दिवसांपर्यंतच्या भेटीला व्हिसाची गरज नाही, ऑनलाइन एस्टा मंजुरी पुरते. सत्र डिसेंबरमध्ये संपेल. जे-१ वाल्यांना कार्यक्रम संपल्यावर ३० दिवस तिथे फिरायला मिळतात. त्यातला एक आठवडा मागा तिच्याकडे. कुठे जायचं ते तिने ठरवायचं, तुम्ही मागून चालायचं, आणि मास्टर्सचा विषय काढायचा नाही. थंडी कडाक्याची असेल, तळ्यावरून येणारा वारा सोसेल असा जाड कोट घ्या. पण आधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर यंदा राहू द्या, तिकीट काढून मग कळवू नका.