यादीतला 'लोकगीत' हा रकाना

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेली ध्वनिमुद्रणांची यादी सगळी वाचली. आवाज स्वच्छ आहेत, गावांची नावं नीट आहेत. पण 'प्रकार' या रकान्यात वरपासून खालपर्यंत तू 'लोकगीत' लिहिलं आहेस, ते खोडून टाक. त्या बायांपैकी किंवा गोंधळ्यांपैकी कुणीही 'आम्ही लोकगीत गातो' म्हणत नाही. तो आपला, शिकलेल्यांचा शब्द. त्यांची नावं त्यांनाच विचार, आणि नावाबरोबर ते कोणतं क्रियापद वापरतात तेही टिपून घे.

गोंधळ घालतात. जागरणही घालतात. धनगर सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडतात, बायका फेर धरतात, वारकरी भजन करतात. पोवाडा मात्र गातात. 'गोंधळ गायला' असं आपल्याकडे सहसा कुणी म्हणत नाही, कारण त्यात चौक, म्हणजे देवीच्या पूजेची मांडणी, मांडणं आलं, दिवटी म्हणजे मशाल आली, संबळ-तुणतुणं आलं, देवदेवतांना नावागावासकट बोलावणं आलं, मग आख्यान आणि शेवटी आरती. तू त्यातला थोडा भाग आणलास. तो बोलावण्याचा आहे की आख्यानातला, हे यादीवरून कळत नाही. पुढच्या वेळी चौक मांडल्यापासून आरतीपर्यंत बसून राहा. रात्र जाईल, जाऊ दे.

ओवीबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण तुझ्याकडे सर्वांत मोलाचं तेच आहे. महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद ११२९ सालच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतरची. म्हणजे ग्रंथातली ओवी येण्याआधी ती बाईच्या तोंडी होती. धनगरही आपल्या गाण्याला ओवीच म्हणतात, पण ती ढोलावर, पुरुषांनी, त्यांच्या बिरोबा देवाच्या कथेसाठी गायलेली असते. ही तिन्ही एका नावाखाली घालू नकोस. जात्यावरची, ग्रंथातली, धनगरी असं स्पष्ट लिही.

जात्यावरची ओवी घेताना आणखी एक काळजी घे. बाईला 'सांगा' म्हटलं की ती दोन ओळी सांगते आणि थांबते. 'गा' म्हटलं की त्याच ओळींत 'बाई' येतं, 'सांगते' येतं, अर्धी ओळ परत येते, दुसरी बाई मागून उचलून धरते. तू बहुतेक ठिकाणी सांगितलेली ओवी लिहून घेतली आहेस. दोन्ही घे, शेजारी शेजारी ठेव. पुण्यात गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांत फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव जपलेलं आहे. तुझ्या यादीत गाव आहे, बाई नाही. तिची परवानगी घेऊन तिचं नाव लिही. ओवी तिची आहे. आता दळण गिरणीतून येतं हे खरं, पण लग्नघरात हळद दळायला अजून जातं मांडतात. अशा घरी आदल्या दिवशीच जाऊन पोचावं.

गवळण तू एकाच खणात ठेवली आहेस. तमाशात गणानंतर, म्हणजे गणपतीच्या स्तवनानंतर, गवळण येते, तिथे मावशी, म्हणजे बाईच्या वेशातला विनोदी पुरुष, असते, कृष्ण आणि गौळणींची चेष्टा असते. वारकऱ्यांच्या भजनातही गवळण म्हणतात, पण टाळ-मृदंगावर, भक्तीने. नाव एक असलं तरी दोन्हींच्या जागा वेगळ्या, गाणारे वेगळे. लावणीचंही तसंच. बैठकीची लावणी बसून, हाताच्या आणि डोळ्यांच्या अदेवर उभी राहते. यमुनाबाई वाईकरांनी ती जन्मभर जपली. फडावरची, म्हणजे तमाशातली, लावणी ढोलकीवर नाचत येते, आणि बालेघाटी विरहाची असते. तुझ्याकडच्या दोन लावण्या मला बैठकीच्या वाटतात. पुन्हा ऐकून ठरव, माझ्या म्हणण्यावर लिहू नकोस. आणि गाणारा माणूस एकाच खणात बसेल असंही धरून चालू नकोस. लावण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या होनाजी बाळाच्या नावावर पहाटेची भूपाळीही आहे.

अभंग ओळखायला सोपा. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, लहान अभंगाच्या दोन चरणांत आठ-आठ. पण गाताना अक्षरं ताणली जातात, म्हणून शब्द लिहून मगच मोज. नाट्यपदं आणि ख्याल सध्या बाजूला ठेव. त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

यादीत नवे रकाने कर. गाणारीचं नाव, ती त्या गाण्याला काय म्हणते, कोणत्या वेळी म्हणतात, हातात काय काम किंवा वाद्य होतं. 'आत्ता म्हणत नाहीत' असं कुणी सांगितलं तर आग्रह करू नकोस, तेच वाक्य तारखेसह लिही. गाणं कधी म्हणायचं नाही, हीसुद्धा त्याची माहितीच आहे.

एक राहिलं. विदर्भातल्या गाण्यांपुढे तू 'भोंडला' लिहिलं आहेस. तिकडे ती भुलाबाईची गाणी. भोंडला आणि हादगा आपल्या बाजूचे. हस्त नक्षत्रात हत्तीच्या चित्राभोवती फेर धरतात. भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागरीपर्यंत राहते, म्हणजे तुला महिनाभर वेळ आहे. निघायच्या आधी फोन कर. तिथे माझ्या ओळखीचं एक घर आहे, तुझ्या राहण्याचं कळवून ठेवतो.

तुझे,
सर