गरोदरपणात रात्री पाय वळवळतात, झोपच लागत नाही. काय करावं?

ताई, सातवा महिना, अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चाललं की थांबतं, आणि घरचे म्हणतात ‘वात आहे, तेल लाव’. तुमचा हा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहायला बसले, कारण माझ्या दुसऱ्या खेपेला अगदी हेच झालं होतं.

हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. याला रेस्टलेस लेग सिंड्रोम म्हणतात, आणि साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला तो होतो, शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त. कोणी ‘आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही’ म्हणालं तर सांगा, थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६७२ मध्येच हे लिहून ठेवलंय!

डॉक्टरांकडे नुसतं ‘पाय दुखतात’ म्हणू नका. पाय सगळ्याच गरोदर बायकांचे दुखतात, त्यामुळे कॅल्शियमची गोळी लिहून मिळते आणि विषय संपतो. असं सांगा: बसलं किंवा पडलं की सुरू होतं, पाय हलवावेसेच वाटतात, हलवले की तेवढ्यापुरतं थांबतं, आणि दिवसापेक्षा संध्याकाळनंतर वाढतं. या चार गोष्टींवरूनच याचं निदान होतं, वेगळी मोठी तपासणी नसते. पोटरीत गोळा येणं हे निराळं. त्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो, जीव जातो, आणि पायाची बोटं आपल्याकडे ओढली की सुटतो. काहींना दोन्ही होतं, मग दोन्ही वेगवेगळं सांगायचं.

आता मुख्य गोष्ट, फेरिटिन. हिमोग्लोबिन सगळ्यांचंच तपासतात. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तो बहुतेकदा आपण विचारल्याशिवाय कोणी तपासत नाही. माझं हिमोग्लोबिन अकराच्या वर होतं, म्हणजे कागदावर ठणठणीत, आणि फेरिटिन ९. बाळ वाढताना आईचा साठा आधी उपसला जातो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाच्या कामाला लोह लागतं, ते कमी पडलं की ही वळवळ वाढते असं मानतात. गरोदरपणात फेरिटिन ३० च्या खाली असेल तर साठा कमी धरतात. या त्रासात तर ७५ पर्यंत असलं तरी बरेच डॉक्टर लोह देतात. ताप किंवा संसर्ग असताना मात्र तपासू नका, तेव्हा आकडा खोटाच वर दिसतो.

लोहाची गोळी चालू असेलच. सरकारी दवाखान्यातली लाल गोळी ६० मिलिग्रॅम लोहाची असते. पण ती घेता कशी ते बघा. चहासोबत, दुधासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर लोह अंगाला फारसं लागत नाही. दोन्ही गोळ्यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळी होते, घाबरू नका. बद्धकोष्ठ झालं तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, दुसरी मिळते. गोळीने भागलं नाही तर पहिले तीन महिने उलटल्यावर शिरेतून लोह देता येतं. फरक पडायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरायला हवा.

दुसरं म्हणजे बाकीच्या गोळ्या. उलटीसाठी मिळणारी मेटोक्लोप्रामाइड किंवा डॉक्सिलामिन, सर्दीची गुंगी आणणारी औषधं, यांनी ही वळवळ वाढू शकते. मनाने बंद करू नका, पण विचारा जरूर. आणि केमिस्टकडून झोपेची गोळी? अजिबात नाही. नेटवर या आजारावरची जी औषधं दिसतात, त्यातली बरीचशी गरोदरपणात टाळतात.

रात्र कशी काढायची? माझ्या मते झोप येत नसताना अंथरुणात पडून पायांशी भांडणं सगळ्यात वाईट. वळवळ सुरू झाली की मी उठायचे. पॅसेजमध्ये दोन फेऱ्या, मग भिंतीला हात टेकून टाचा जमिनीवर दाबून पोटऱ्या ताणायच्या, मग बाथरूममध्ये पायांवर कोमट पाणी. काहींना गारच बरं वाटतं, दोन्ही करून बघा. हातांना आणि डोक्याला काम असलं की पाय गप्प बसतात, हे मला मेथी निवडताना कळलं. मग रात्री साडेबाराला ओट्याशी उभी राहून दुसऱ्या दिवशीची भाजी निवडायचे. सासूबाई आधी हसल्या, मग त्याच संध्याकाळी जुडी बाहेर काढून ठेवायला लागल्या. संध्याकाळचा चहा मात्र सोडा, कॉफी तर नकोच. दुपारी थोडं चाला, पण रात्री झोपायच्या आधी दमणूक होईल असं काही नको. पहाटे त्रास उतरतो, तेव्हा डोळा लागला तर उशिरा उठा, घराने एक दिवस आपला डबा आपण भरावा.

यजमानांकडून पोटऱ्या चेपून घ्यायला हरकत नाही. पण एकच पाय सुजला, लाल-गरम झाला, दुखायला लागला तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते. चेहरा सुजून डोकं ठणकत असेल तर रक्तदाब बघायला हवा, तेही थांबवून ठेवायचं नाही.

बाळंतपणानंतर बहुतेकींचा हा त्रास काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातो. माझा गेला. बाळंतपणात रक्त बरंच गेलं असेल तर फेरिटिन पुन्हा तपासून घ्या, आणि पुढच्या खेपेला सुरुवातीलाच डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण तो परत येऊ शकतो. सध्या पुढच्या तपासणीला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं फाइलसोबत पिशवीत टाका, नावं सांगत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.