बॅरिस्टरला विमा सक्तीचा, मग आपल्याला?

प्रश्न : मी अंबाजोगाईला 28 वर्षं दिवाणी वकिली करतो. पुतणी लंडनला बॅरिस्टर व्हायला गेली आहे. ती म्हणते, तिथं विम्याशिवाय वकिली करताच येत नाही. मला आजवर असा विमा कुणी विचारला नाही. तिला पहिल्याच वर्षी हा खर्च पडेल का? आणि या वयात मी तो घ्यावा का?
— एक वकील वाचक

उत्तर : वकीलसाहेब, पुतणी बरोबर सांगते. इंग्लंड-वेल्समध्ये स्वतंत्र वकिली करणाऱ्या बॅरिस्टरला व्यावसायिक दायित्व विमा, म्हणजे वकिलाच्या चुकीने पक्षकाराचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, सक्तीचा आहे. तो ‘बार म्युच्युअल’ या बॅरिस्टरांच्याच सामाईक संस्थेकडून घ्यायचा असतो. किमान संरक्षण एका दाव्यामागे 5 लाख पौंड. हप्ता फीचं उत्पन्न आणि कामाचा प्रकार पाहून ठरतो. वरिष्ठांच्या हाताखाली उमेदवारी चालू असताना सहसा त्यांच्याच विम्यात ती येईल, त्यामुळे पहिल्या वर्षाची चिंता नको.

आता तुमचं. 1961 च्या अधिवक्ता कायद्यात विम्याची सक्ती नाही. 14 मे 2024 ला सुप्रीम कोर्टाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली, तेव्हा आमच्या लातूरच्या बार रूममध्ये बरेच जण निर्धास्त झाले. मला ते पटलं नाही. हलगर्जीपणाबद्दल वकिलावर दिवाणी दावा 1926 च्या ‘लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) अ‍ॅक्ट’प्रमाणे आजही लागतो.

माझ्याच हातून झालेलं सांगते. औसा भागातल्या एका शेतकऱ्याला सोयाबीनच्या पट्टीचे 1 लाख 86 हजार रुपये यायचे होते. आडत्याने दिलेला चेक वटला नाही. अशा चेकवर फौजदारी केस करायची तर चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे. मी मेमो घेतला, फाईलला लावला, मध्ये दिवाळीची सुट्टी लागली आणि नोटीस निघाली 34 व्या दिवशी. चेकची तीन महिन्यांची मुदतही संपलेली, म्हणजे तो पुन्हा बँकेत टाकायची सोय नाही. फौजदारी केस तिथंच गेली. दिवाणी दाव्याची कोर्ट फी मी खिशातून भरली, हुकूमनामाही मिळाला. पण तोवर आडत्याच्या नावावर वसूल करावं असं काही उरलं नव्हतं. तो माणूस मला एका शब्दाने बोलला नाही. म्हणाला, ‘बाई, पोरीच्या लग्नाचं होतं ते.’ मला त्याची पूर्ण भरपाई तेव्हा झेपली नाही. विमा असता तर निदान मागता तरी आली असती. म्हणून मी ठामपणे सांगते, हा विमा आपल्यापेक्षा पक्षकारासाठी आहे, आणि तो आपल्याकडेही सक्तीचा व्हायला हवा.

तेव्हा घ्याच. सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे तो मिळतो. पॉलिसीत पूर्वलक्षी तारीख कोणती लिहिली आहे ते आधी बघा, तिच्या आधीच्या कामातली चूक धरली जात नाही. दावा ज्या दिवशी अंगावर येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते, म्हणून नूतनीकरण चुकवू नका. वकिली थांबवल्यावरही काही वर्षं संरक्षण ठेवा. फसवणूक, अफरातफर यांना विमा नाही, आणि नसावाच. मुदत हुकल्याचं लक्षात आलं की पक्षकाराला खरं सांगा आणि कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. पैसे भरून देण्याचा शब्द मात्र कंपनीच्या लेखी संमतीशिवाय देऊ नका, त्यावरून दावा नाकारला जाऊ शकतो.