काठमांडूचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे

प्रश्न : आईला (वय ६२) पशुपतिनाथाला न्यायचं आहे. मुंबई-काठमांडू थेट विमान पाहिलं. जाताना सकाळी ८.३० ला सुटतं, ११.२५ ला पोहोचतं. येताना दुपारी १२.२५ ला निघून ३.१० ला मुंबईत. अंतर तेच असून जायला २ तास ५५ मिनिटं आणि यायला १० मिनिटं कमी, असं का? की सरळ रेल्वेने जावं?
– एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : वजाबाकी बरोबर आहे, पण ती दोन वेगळ्या घड्याळांची झाली. तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात, आणि नेपाळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. आपली वेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ रेखांशावरून ठरते, त्यांची गौरीशंकर शिखराजवळच्या ८६.२५ वरून. अंशाला ४ मिनिटं धरा, बरोबर पाव तास येतो.

आता पुन्हा मांडा. तिथले ११.२५ म्हणजे आपले ११.१०. जायला लागले २ तास ४० मिनिटं. येताना १२.२५ म्हणजे आपले १२.१०, म्हणजे पूर्ण ३ तास. येतानाच जास्त वेळ लागतो! उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, थंडीत तर फार जोरात. जाताना तो पाठीवर असतो, येताना तोंडावर.

सरळ रेषेत अंतर साधारण १,६०० किलोमीटर. रेल्वेने गोरखपूरपर्यंतच त्याहून जास्त होतं. मग सोनौलीची सीमा, आणि पुढे घाटातली दिवसभराची बस. तरुणपणी मी तसं गेले आहे, पण बासष्टीच्या आईला नेऊ नका. विमानाचंच तिकीट काढा.

मात्र काठमांडूत उतरल्यावर लगेच कुठली वेळ गाठायची ठेवू नका. विमानतळ १,३०० मीटरहून उंच, चहूबाजूंनी डोंगर, धावपट्टी एकच. गेल्या खेपेला आमचं विमान पाऊण तास वर घिरट्या घालत होतं. शेजारच्या मावशी माझा हात घट्ट धरून जप करत होत्या. उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, "लाव गं इथली वेळ."

आणि कळकळीने सांगते, आईंचं मतदार ओळखपत्र आजच शोधा. ते किंवा पासपोर्ट लागतो. त्यांच्या वयाला आधार कार्डावर नेपाळला जाता येत नाही. आमच्या गटातल्या एक काकू फक्त आधार घेऊन आल्या होत्या. बॅग ट्रॉलीवर तशीच, आणि मुलगा त्यांना परत ठाण्याला घेऊन गेला. तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

घोडबंदर रोडचा भरवसा नाही, त्यामुळे ८.३० च्या विमानासाठी पहाटे ४ ला घर सोडा. जाताना आईंना डावीकडची खिडकी घ्या. हवा स्वच्छ असेल तर उतरण्याआधी हिमशिखरांची रांग त्याच बाजूला दिसते.