गळक्या पोकळीतलं अवस्थांतर 'क्वांटम' कसं?

विचारलंय ते थोडक्यात असं: डिके मॉडेलमध्ये दोन पातळ्यांचे अनेक अणू आरशांमधल्या पोकळीतल्या प्रकाशाशी जोडलेले असतात, आणि जोडणी पुरेशी घट्ट झाली की पोकळी एकदम प्रकाशाने भरते. हे अवस्थांतर खऱ्या अणूंमध्ये होऊच शकत नाही असं सिद्ध झालं होतं, मग झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात २०१० साली ते दिसलं कसं? आणि पोकळीतून प्रकाश सतत गळत असताना त्याला क्वांटम का म्हणायचं?

१९७३ मध्ये हेप आणि लीब या शास्त्रज्ञांनी या अवस्थांतराचं भाकीत केलं, आणि दोनच वर्षांत त्यावर पाणी पडलं. प्रकाशाच्या क्षेत्राचं एक जादा पद (सदिश विभवाचा वर्ग) गणितात धरलं की अवस्थांतर गायब होतं. ईटीएचमधल्या एसलिंगर यांच्या गटाने ते गणित खोटं ठरवलं नाही, त्याला वळसा घातला. त्यांच्या प्रयोगातल्या 'दोन पातळ्या' अणूच्या इलेक्ट्रॉनच्या नाहीतच, त्या अणूच्या गतीच्या आहेत. एक पातळी म्हणजे स्थिर कंडेन्सेट, म्हणजे अतिथंड होऊन एकाच क्वांटम अवस्थेत आलेले अणू. दुसरी म्हणजे लेसरच्या आणि पोकळीच्या अशा दोन्ही दिशांना एकेका फोटॉनचा संवेग घेतलेली अवस्था. प्रयोगातल्या रुबिडियम अणूंसाठी या दोन पातळ्यांमधलं अंतर जेमतेम साडेसात किलोहर्ट्झ. इलेक्ट्रॉनच्या उडीला शेकडो टेराहर्ट्झ लागतात. शिवाय जोडणी किती घट्ट ठेवायची हे बाजूने मारलेल्या लेसरच्या ताकदीवर ठरतं, म्हणजे ती आपल्या हातात.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू, कारण गंमत इथेच आहे. बुद्धिबळाचा पट डोळ्यासमोर आणा. अणू सगळीकडे सारखे पसरलेले असतील तर काळ्या घरांतून पोकळीत विखुरलेला प्रकाश पांढऱ्या घरांतल्या प्रकाशाला बरोब्बर खोडून काढतो आणि पोकळी अंधारी राहते. चुकून काळ्या घरांत चार अणू जास्त झाले की थोडा प्रकाश उरतो. तो लेसरशी मिळून खळगे तयार करतो, आणि ते खळगे आणखी अणूंना काळ्या घरांतच ओढतात. अणूंना असं गोळा करायला गतिज ऊर्जा मोजावी लागते, म्हणून कमी ताकदीला काहीच होत नाही. उंबरठा ओलांडला की सुमारे एक लाख अणू एकदम पटावर बसतात. काळी घरं की पांढरी, हे आधी ठरलेलं नसतं. पण निवड झाली की प्रकाशाची कला (लहरीचा टप्पा) दोन्हींत अर्ध्या आवर्तनाने वेगळी निघते, त्यावरून ती ओळखता येते. इथे उष्णतेचा हात नाही, ओढाताण अणूंची गतिज ऊर्जा आणि प्रकाशाशी जोडणीची ऊर्जा या दोन ऊर्जांमधली आहे. म्हणून 'क्वांटम'.

गळतीची शंका मात्र खरी आहे, आणि लोकप्रिय लेखांत ती सर्रास गाळतात. फोटॉन मेगाहर्ट्झच्या दराने निसटतात, त्यामुळे शेवटी मिळते ती किमान ऊर्जेची मूळ अवस्था नसते, लेसर आणि गळती यांच्या समतोलातली स्थिर अवस्था असते. उंबरठ्याजवळचे चढउतार किती वेगाने वाढतात तेही बदलतं: बंद व्यवस्थेत या वाढीचा घातांक अर्धा, गळकीत एक. मी स्वतः याला 'चालित (लेसरने सतत ढकललेल्या) खुल्या व्यवस्थेतलं अवस्थांतर' म्हणतो. नाव लांबलचक आहे, पण खोटं नाही. आणि ती गळती बुजवायला कुणी तयार होणार नाही, कारण चढउतार चालू असतानाच मोजता येतात ते बाहेर पडणाऱ्या त्या प्रकाशामुळेच.