वेलचीची जिंगल आणि तंबाखूचा प्रायोजक

प्रश्न: आमची संस्था सामुदायिक रेडिओ केंद्र चालवते. यात्रेतल्या कुस्त्यांच्या प्रक्षेपणासाठी खाण्याच्या तंबाखूच्या एका व्यापाऱ्याशी प्रायोजकत्वाचा करार झाला, 20,000 रुपये आगाऊ घेतले. जिंगल त्याच नावाच्या वेलचीची आहे, तंबाखूचा उल्लेख नाही. आता नकार दिला तर दावा ठोकीन म्हणतो. काय करावे?
– केंद्र व्यवस्थापक, सांगली जिल्हा

उत्तर: जिंगल लावू नका, पैसे परत करा.

तंबाखू नियंत्रण कायद्याच्या (कोटपा, 2003) व्याख्येत तोंडी घोषणा हीसुद्धा जाहिरातच. कलम 5 विक्रेत्याबरोबर माध्यम चालवणाऱ्याला आणि जाहिरातीत भाग घेणाऱ्यालाही लागू होते. म्हणजे आवाज देणारा निवेदकही अडकतो. सवलत आहे ती पाकिटाला आणि विक्रीच्या दुकान-गोदामाला, रेडिओला नाही. वेलचीची पळवाट 2005 च्या नियमांनीच बुजवली: तंबाखूचे नाव वापरून दुसरा माल खपवणे ही अप्रत्यक्ष जाहिरात. आकाशवाणीची जाहिरात संहिताही तुमच्या केंद्राला बंधनकारक आहे.

‘अजून वाजवलीच नाही’ हा बचाव तोकडा पडेल. प्रायोजकत्वाच्या बदल्यात तंबाखूच्या ब्रँडचा प्रचार करायचे नुसते कबूल करणेही कलम 5(3) मध्ये निषिद्ध आहे, म्हणून घाई करा. पहिल्या गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड किरकोळ वाटेल, पण कैदेची तरतूद आणि केंद्राच्या परवानगीवरची टाच किरकोळ नाही. कलम 26 मुळे संस्थेबरोबर कारभार पाहणारेही, म्हणजे तुम्हीही, जबाबदार ठरता.

दाव्याची धमकी पोकळ आहे. ज्याचा उद्देशच बेकायदा तो करार भारतीय करार कायद्याच्या कलम 23 नुसार रद्दबातल. त्याच्या भंगाची भरपाई कोर्ट देत नाही. आजच लेखी कळवा: ‘कोटपा कलम 5 मुळे हा करार अवैध असून आम्ही तो अमलात आणणार नाही. आगाऊ रक्कम बँकेतून परत केली आहे.’ ‘या वर्षी जमत नाही, पुढे बघू’ असे गुळमुळीत काही लिहू नका. तो पुरावा तुमच्यावरच उलटेल. रोखीने परतफेड नको.

घोटाळा बहुधा नंतर होतो. जिंगल संगणकाच्या आपोआप चालणाऱ्या यादीत राहते आणि रात्रीच्या पुनर्प्रसारणात वाजते. ती फाइलच काढून टाका. यात्रा कमिटीने त्याच व्यापाऱ्याकडून गदा घेतली असेल, तर समालोचक ओघात ‘अमुक यांच्यातर्फे मानाची गदा’ म्हणून जाईल. त्याला आधीच बजावा: पैलवान, तालीम, निकाल, एवढेच बोलायचे. मैदानावरच्या माइकचा आवाज थेट प्रक्षेपणात घेऊ नका, तिथली घोषणा तुमच्या हातात नसते. प्रक्षेपणाचे ध्वनिमुद्रण 3 महिने जपण्याचे बंधन तुमच्यावर आहेच. तक्रार झाली तर जाहिरात वाजली नाही हे दाखवायला तेच उपयोगी पडेल.